पायथनचा कोड हास्केलमध्ये नेताना

डाव्या खिडकीत पायथनची फाइल, उजव्या खिडकीत हास्केलची कोरी फाइल, आणि ओळीला ओळ लावत खाली उतरायचं. कोड एका भाषेतून दुसरीत न्यायचा म्हटलं की बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. मीही केली होती. पायथनमधल्या प्रत्येक बदलत्या व्हेरिएबलला एकेक आयओरेफ (हास्केलमधली किंमत बदलता येणारी जागा) दिला, प्रत्येक लूपच्या जागी फॉरएम (यादीतल्या प्रत्येक घटकासाठी एक कृती चालवणारं फंक्शन) ठेवला, आणि दोन संध्याकाळी खपून प्रोग्रॅम चालता केला. उत्तर बरोबर आलं. पण ते हास्केल नव्हतं. हास्केलचं सोंग घेतलेलं पायथन होतं, आणि मूळ फाइलपेक्षा वाचायला कितीतरी किचकट.

तेच काम नीट कसं करायचं ते एका लहानशा प्रोग्रॅमवर बघू: मजकुराची फाइल वाचायची, त्यातले शब्द मोजायचे आणि सर्वांत जास्त वेळा आलेले दहा शब्द छापायचे. तुम्हाला पायथन बऱ्यापैकी येतं, हास्केलची तोंडओळख आहे आणि मशीनवर हास्केलचा जीएचसी कंपायलर बसवलेला आहे, एवढं गृहीत धरलंय. कोडच्या ओळी इथे शेजारी बसलेल्याला वाचून दाखवाव्यात तशा देवनागरीत दिल्यात. चिन्हं मात्र जशीच्या तशी आहेत. टाइप करताना कीवर्ड, नावं आणि आकडे अर्थातच नेहमीसारखे इंग्रजीतच टाका.

## पायरी १: आधी उत्तरं जपून ठेवा

मूळ प्रोग्रॅम हा:

```
मोजणी = {}
फॉर ओळ इन ओपन("मजकूर", एन्कोडिंग="यूटीएफ-८"):
    फॉर शब्द इन ओळ.स्प्लिट():
        शब्द = शब्द.लोअर()
        मोजणी[शब्द] = मोजणी.गेट(शब्द, ०) + १
क्रम = सॉर्टेड(मोजणी.आयटम्स(),
             की=लॅम्डा जोडी: जोडी[१], रिव्हर्स=ट्रू)
फॉर शब्द, किती इन क्रम[:१०]:
    प्रिंट(शब्द, किती)
```

याला हात लावण्याआधी चार फाइली तयार करा: एक पूर्ण रिकामी, एक एकाच शब्दाची, एक जिच्यात बरेच शब्द सारख्याच वेळा आलेत अशी, आणि एक चांगली मोठी. चारहींवर प्रोग्रॅम चालवून आउटपुट वेगवेगळ्या फाइलींत साठवा. पुढे नवा कोड बरोबर आहे की नाही हे याच फाइली सांगणार. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक ती टाळतात, आणि मग शेवटी डोळ्यांनी आउटपुट ताडत बसतात.

## पायरी २: अर्धं काम पायथनमध्येच उरका

आता पेन्सिल घ्या (खरोखरची घेतली तरी चालेल) आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा. बाहेरच्या जगाशी बोलणारी ओळ: ओपन, प्रिंट. काहीतरी जागच्या जागी बदलणारी ओळ: मोजणी[शब्द] = ... ही. आणि नुसता हिशोब करणारी ओळ: स्प्लिट, लोअर, सॉर्टेड.

खुणा झाल्या की हेच पायथन तीन तुकड्यांत मांडा. एक फंक्शन फाइल वाचून पूर्ण मजकूर परत देईल. दुसरं मजकूर घेऊन क्रमवार जोड्यांची यादी देईल. त्यात ना ओपन, ना प्रिंट. तिसरं छापेल. मग जपून ठेवलेल्या उत्तरांशी ताडून बघा.

हास्केलची एकही ओळ न लिहिता तुम्ही हास्केलच्या निम्म्या वाटेवर आलात, कारण हास्केल ही विभागणी टाइपमधूनच मागतं: बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या फंक्शनच्या टाइपमध्ये आयओ (इनपुट-आउटपुट) असावं लागतं. ही चिरफाड ओळखीच्या भाषेत करणं कधीही सोपं. अनोळखी भाषेत रचनाही बदलायची आणि वाक्यरचनाही शिकायची, असं दोन्ही एकदम केलं की चूक नेमकी कुठे झाली तेच कळत नाही.

## पायरी ३: अंगाआधी टाइप

हास्केलच्या फाइलीत पहिल्यांदा फक्त सह्या लिहा, म्हणजे प्रत्येक फंक्शन कुठल्या टाइपचं घेतं आणि कुठल्या टाइपचं देतं ते:

```
शब्दमोज :: स्ट्रिंग -> [(स्ट्रिंग, इंट)]
शब्दमोज = अनडिफाइन्ड
```

अनडिफाइन्ड कुठल्याही टाइपच्या जागी चालतं, त्यामुळे फाइल कंपाइल होते आणि फंक्शनांची जोडणी जुळते की नाही ते आतला कोड लिहिण्याआधीच समजतं.

सही लिहिताना पायथनने आजवर न विचारलेले प्रश्न समोर येतात. डिक्शनरीचंच घ्या. पायथनमध्ये ती दोन अगदी वेगळी कामं करते. किल्ली देऊन नोंद शोधायची असेल, जशी आपली मोजणी, तर हास्केलमध्ये तिथे मॅप येतो. पण नाव, वय, पत्ता अशा ठरलेल्या खणांची डिक्शनरी असेल तर तिचा मॅप करू नका. डेटा कीवर्डने स्वतःचा टाइप बनवा. जिथे फंक्शन कधी उत्तर देतं आणि कधी नन, तिथे मेबी: उत्तर असेल किंवा नसेल असं सांगणारा टाइप. जिथे एक्सेप्शन उडतं आणि वरचा कोणीतरी ते झेलतो, तिथे ईदर: डावीकडे चूक, उजवीकडे उत्तर.

आणि इंट. पायथनच्या पूर्णांकाला मेमरी सोडून मर्यादा नाही. हास्केलचा इंट आजच्या नेहमीच्या मशीनवर ६४ बिटांचा असतो आणि भरला की गुपचूप उलटतो. २० चं फॅक्टोरियल त्यात मावतं. २१ चं मागितलं की -४२४९२९००४९४१९२१४८४८ असं ऋण उत्तर येतं, तेही कसलीच बोंब न होता. शब्द मोजायला इंट पुरतो. आकडा किती वाढेल याची खात्री नसेल तिथे इंटिजर घ्या. तो पायथनसारखाच अमर्याद आहे.

## पायरी ४: लूप

इथे थोडं रेंगाळू, कारण नवख्यांची गाडी इथेच अडते.

लूप दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: एका फेरीतून पुढच्या फेरीत काय जातं? काहीच जात नसेल, प्रत्येक घटकावर तीच क्रिया होत असेल, तर तो मॅप (डिक्शनरीवाला नव्हे, फंक्शन, नावं सारखी आहेत, इलाज नाही). काही घटक गाळले जात असतील तर फिल्टर. मूळ कोडमध्ये लिस्ट कॉम्प्रिहेन्शन असेल तर फारसं काही करावंच लागत नाही, कारण पायथनने ते हास्केलकडूनच उचललंय. २००० साली पायथन २.० मध्ये ते आलं. फॉर आणि इनच्या जागी उभी रेघ आणि डावा बाण टाकला की झालं: [क्ष * २ | क्ष <- यादी].

फेरीतून फेरीत काहीतरी जात असेल तर तो फोल्ड. आपल्या लूपमध्ये काय जातं? फक्त मोजणी. सुरुवातीला ती रिकामी असते, आणि प्रत्येक फेरीत जुनी मोजणी आणि एक शब्द मिळून नवी मोजणी तयार होते. हे वाक्य जसंच्या तसं लिहायचं:

```
वाढव जुनी शब्द = मॅप.इन्सर्टविथ (+) शब्द १ जुनी

मोजणी = फोल्डएल' वाढव मॅप.एम्प्टी शब्दयादी
```

लूपचं अंग म्हणजे वाढव, लूपआधीची ओळ म्हणजे मॅप.एम्प्टी, आणि फॉर म्हणजे फोल्डएल'. दोन व्हेरिएबल फेरीतून फेरीत जात असतील तर त्यांची जोडी न्या. चार-पाच जात असतील तर बहुधा मूळ लूपच एकावेळी दोन-तीन कामं करतोय. परत पायथनमध्ये जाऊन तो फोडा.

"प्रत्येक शब्दाला नवा मॅप? मग मेमरीचं काय?" ही शंका हमखास येते. पूर्ण प्रत होत नाही. मॅप आतून समतोल राखलेलं झाड आहे. नवी नोंद घालताना मुळापासून त्या गाठीपर्यंतची वाट तेवढी नव्याने बांधली जाते, बाकीचं झाड जुना आणि नवा मॅप वाटून घेतात. दहा लाख नोंदी असल्या तरी त्या वाटेवर दोन-तीन डझन गाठींहून जास्त नसतात.

फोल्डएलपुढच्या त्या ' चिन्हाकडे दुर्लक्ष करू नका. हास्केल आळशी आहे: लागेपर्यंत हिशोब करत नाही. साधा फोल्डएल वापरलात तर बेरजा होत नाहीत, "नंतर करू" अशा चिठ्ठ्या साचत जातात, आणि मोठ्या फाइलीवर मेमरी फुगते. चिन्हवाला फोल्डएल' प्रत्येक फेरीतला हिशोब पुढे न ढकलता जागीच उरकतो. त्याच कारणासाठी मॅपही डेटा.मॅप.स्ट्रिक्टमधला घ्या, नाहीतर मॅप तयार होईल, पण आतले आकडे १+१+१ असेच लटकत राहतील. जोडी नेत असाल तर आणखी एक पाचर: फोल्डएल' जोडी उघडतो, जोडीच्या आत डोकावत नाही. आतल्या दोन्ही किमतींआधी उद्गारचिन्ह देऊन त्यांचा हिशोब तिथल्या तिथे करून घ्यावा लागतो.

हे सगळं समजल्यावर कळतं की शब्द मोजण्यासाठी तयार फंक्शन आहेच: मॅप.फ्रॉमलिस्टविथ (+) [(श, १) | श <- शब्दयादी]. ते वापराच. फक्त याच फंक्शनने गट पाडायला गेलात, म्हणजे (+) ऐवजी (++) देऊन प्रत्येक किल्लीखाली याद्या जमवल्यात, तर प्रत्येक गट उलटा येईल. कारण ते नवी किंमत आधी आणि जुनी नंतर देतं. पायथनचं अपेंड शेवटाला जोडतं, हे पुढे जोडतं.

राहिले कंटिन्यू आणि ब्रेक. कंटिन्यू म्हणजे फिल्टर. ब्रेक म्हणजे टेकव्हाइल (अट खरी असेपर्यंतचे घटक घेणारं), किंवा एकच गोष्ट शोधायची असेल तर फाइंड, जो मेबी देतो. व्हाइल लूप कशातच बसत नसेल तर सरळ रिकर्शन (स्वतःलाच बोलावणारं फंक्शन) लिहा, त्यात कमीपणा नाही.

## पायरी ५: बाहेरचं जग

मेन फंक्शन लहान ठेवा:

```
मेन = डू
    सेटलोकेलएन्कोडिंग यूटीएफ८
    एचसेटएन्कोडिंग एसटीडीआउट यूटीएफ८
    मजकूर <- रीडफाइल "मजकूर"
    फॉरएम_ (टेक १० (शब्दमोज मजकूर)) छाप
```

पहिल्या दोन ओळी देवनागरी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी सक्तीच्या समजा. त्या नसतील तर हास्केल मशीनच्या सेटिंगवरून एन्कोडिंग ठरवतं, आणि तुमच्या मशीनवर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर बाइट वाचता येत नाहीत म्हणून कोसळतो.

छाप लिहिताना प्रिंट वापरू नका. हास्केलचा प्रिंट आधी शो (किमतीची स्ट्रिंग करणारं फंक्शन) लावतो, आणि शो देवनागरी अक्षरं आकड्यांत दाखवतो: "कमल" छापायला सांगितलं की पडद्यावर \२३२५\२३५०\२३५४ येतं. डेटा बिघडलेला नसतो, नुसतं दाखवणं तसं असतं. पुटस्ट्रएलएन वापरलं की कमल कमलच राहतं. आकडा मात्र शो लावूनच जोडावा लागेल.

रीडफाइलही आळशी आहे. फाइल वाचून त्याच फाइलीत परत लिहायचा बेत असेल तर ती अजून उघडीच असल्याची चूक येते. दुसऱ्या नावाने लिहा आणि मग नाव बदला.

## पायरी ६: ताडून बघा, आणि फरकाचं कारण शोधा

शब्दमोज पूर्ण करू:

```
शब्दमोज मजकूर = सॉर्टऑन (डाउन . एसएनडी) (मॅप.टूलिस्ट मोजणी)
  वेअर
    शब्दयादी = वर्ड्स (मॅप टूलोअर मजकूर)
    मोजणी = मॅप.फ्रॉमलिस्टविथ (+) [(श, १) | श <- शब्दयादी]
```

रिकामी फाइल जुळते, एका शब्दाची जुळते. सारख्या वेळा आलेल्या शब्दांची फाइल मात्र जुळत नाही. आकडे तेच, शब्दांचा क्रम वेगळा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी तासभर सॉर्टमध्ये चूक शोधत होतो. चूक सॉर्टमध्ये नव्हती. दोन्ही भाषांचं सॉर्ट बरोबरीच्या घटकांचा आधीचा क्रम राखतं. पण तो आधीचा क्रमच निराळा आहे: पायथन ३.७ पासून डिक्शनरी नोंदी घातल्या त्या क्रमाने देते, तर हास्केलचा मॅप किल्ल्यांच्या चढत्या क्रमाने. म्हणजे पायथनमध्ये बरोबरी "आधी कोण आलं" यावर सुटत होती, आणि हे मूळ कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

अशा वेळी हास्केलमध्ये पायथनच्या सवयीची नक्कल करत बसू नका. मूळ कोडमध्येच नियम स्पष्ट लिहा: रिव्हर्स काढा आणि की म्हणून (-जोडी[१], जोडी[०]) द्या, म्हणजे आधी संख्या उतरत्या क्रमाने, मग शब्द चढत्या. हास्केलमध्ये सॉर्टऑनला \(श, क) -> (डाउन क, श) द्या. उत्तरं नव्याने साठवा आणि पुन्हा ताडा. दोन्ही भाषा अक्षरांची तुलना युनिकोड क्रमांकानेच करतात, त्यामुळे आता क्रम जुळतो.

याच जागी आणखी एक चोरवाट आहे. उतरता क्रम हवा म्हणून चढता सॉर्ट करून रिव्हर्स लावला तर बरोबरीचे घटकही उलटतात. पायथनचा रिव्हर्स=ट्रू तसं करत नाही. म्हणून तुलनाच उलटी करणारा डाउन.

कधीकधी दोन्हीकडची उत्तरं जुळतात आणि दोन्ही चुकीची असतात. विरामचिन्हं काढायला कोणी प्रत्येक अक्षरावर "हे अक्षर आहे का" ही तपासणी लावली, पायथनमध्ये इझअल्फा किंवा हास्केलमध्येही इझअल्फा, तर "किती"चं "कत" होतं. युनिकोडच्या हिशोबात वेलांट्या अक्षरं नसून चिन्हं आहेत, आणि दोन्ही भाषा त्या गाळतात. कोड इमानदारीने नेला की त्यातली चूकही इमानदारीने येते. इथे उलटा विचार करा: अक्षरं राखू नका, विरामचिन्हं काढा. हास्केलमध्ये त्यासाठी इझपंक्च्युएशन आहे. पायथनमध्ये युनिकोडडेटामधून वर्ग विचारावा लागतो.

आकडेमोडीचा कोड असेल तर भागाकार तपासा. पायथनची दुहेरी तिरकी रेघ आणि हास्केलचा डिव्ह दोघेही खालच्या पूर्णांकाकडे जातात: -७ भागिले २ म्हणजे -४. शून्याकडे जाणारा क्वॉट घेतलात तर -३ येईल. टक्केवारीच्या चिन्हाची जोडी मॉडशी, रेमशी नाही. राउंड मात्र दोन्हीकडे सारखाच वागतो, २.५ चे दोन्ही २ च करतात.

## पायरी ७: वेग, पण आता

सगळं जुळल्यावरच स्ट्रिंग काढून टेक्स्ट आणा. हास्केलची स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी, आणि ६४ बिटांच्या मशीनवर तिच्यात एका देवनागरी अक्षरामागे ४० बाइटपर्यंत जागा जाते. टेक्स्ट २.० पासून आत यूटीएफ-८ वापरतो, त्यात तेच अक्षर ३ बाइटांत बसतं. वर्ड्स आणि टूलोअर ही फंक्शनं टेक्स्टमध्ये त्याच नावाने आहेत, त्यामुळे बदल बहुतांशी इम्पोर्टमध्ये आणि सहीत होतो. बदला, आणि त्या चार फाइली पुन्हा ताडा.

## उलट दिशेने जायचं असेल तर

हास्केलमधून पायथनमध्ये येणं सोपं वाटतं, कारण कंपायलर अडवत नाही. तीच गोम आहे.

रिकर्शन तसंच आणू नका. पायथन शेवटच्या कॉलची जागा वाचवत नाही आणि मुळात १००० च्या आसपास खोलीवर हात वर करतं. त्याचा लूप करा. डेटा टाइपसाठी डेटाक्लास आणि पायथन ३.१० मध्ये आलेलं मॅच वापरा, पण एखादी शक्यता राहून गेली तर जीएचसीसारखा इशारा मिळणार नाही. शेवटी सगळं झेलणारी केस ठेवून तिच्यात एक्सेप्शन उडवा. मेबीच्या जागी नन चालतं, फक्त मेबीच्या आत मेबी असेल तर "नोंदच नाही" आणि "नोंद आहे पण रिकामी" हे दोन्ही एकाच ननमध्ये मिसळतात.

अनंत यादीच्या जागी जनरेटर आणि आयस्लाइस येतात. इथे जपा: हास्केलची यादी कितीही वेळा वाचता येते, जनरेटर एकदा वाचला की संपतो. दुसऱ्यांदा फिरलात तर चूक येत नाही, नुसती रिकामी यादी मिळते आणि बेरीज शून्य येते. तीच आकडेवारी दोनदा लागणार असेल तर आयस्लाइसने हवे तेवढे घटक काढून आधी त्यांची लिस्ट करून ठेवा.